'शाळा'मध्ये आणीबाणी कुठंय? नागपुरातल्या एका वाचन-बैठकीचं प्रकरण

आमच्या वाचन गटाने मिलिंद बोकीलांची 'शाळा' घेतली आणि पहिल्याच बैठकीत एवढं वाजलं की एका काकांनी घरी पोचायच्या आत व्हॉट्सॲप ग्रुप सोडून दिला. गटात याआधीही वाद झालेत, पण ते पुस्तकावरून, इथं पुस्तक राहिलं बाजूला आणि लोक एकमेकांच्या वडिलांपर्यंत गेले. आणि दुसऱ्या बैठकीला तेच लोक, तेच पुस्तक, पण जेवायची वेळ टळून गेली तरी कोणी उठेना. मधल्या काळात काय बदललं ते सविस्तर लिहून ठेवतो, कारण खळबळीच्या काळात वयात येणाऱ्या पोरांची कादंबरी घेतली की गट याच जागी अडकतात, हे मी दुसरीकडेही पाहिलंय.

आधी थोडं गटाबद्दल. धरमपेठेत एका सदस्याच्या घरी वरच्या मजल्यावर आम्ही महिन्यातून एका रविवारी बसतो, कॉलेजच्या पोरांपासून पंच्याहत्तरीच्या आजोबांपर्यंत सगळे असतात, चहा आणि तर्री-पोहे ज्याच्या पाळीला असतील तो आणतो. जून २०२५ मध्ये आणीबाणीला ५० वर्षं होत होती, पेपरात रोज काही ना काही येत होतं, म्हणून कोणीतरी म्हटलं की त्या काळावरचं मराठी पुस्तक घेऊ आणि सगळ्यांच्या तोंडी एकच नाव आलं. पुस्तक २००४ चं, मौज प्रकाशनाचं. नववीतला मुकुंद जोशी, त्याला आवडणारी शिरोडकर, सुऱ्या, चित्रे, फावड्या ही मित्रमंडळी, घरचे, मास्तर लोक, आणि या सगळ्याच्या मागे चाललेली आणीबाणी. सुजय डहाकेंचा सिनेमा २०१२ मध्ये आला, त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, त्यामुळे गटातल्या तरुण पोरांना गोष्ट आधी पडद्यावरून माहीत होती. हे सांगून राहिलो कारण पहिल्या बैठकीतला अर्धा गोंधळ इथूनच निघाला. पडद्यावर पाहणाऱ्याला ती प्रेमाची गोष्ट वाटते आणि ज्याला 'आणीबाणीवरचं पुस्तक' म्हणून हातात दिलं तो पानोपानी आणीबाणी शोधत बसतो.

आणि गाव नागपूर आहे, हे विसरून चालत नाही. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी लागली, ३० जूनला सरसंघचालक बाळासाहेब देवरसांना इथं नागपूर स्टेशनवरच अटक झाली, ४ जुलैला संघावर बंदी आली. महाल-इतवारीतल्या कितीतरी घरातले कर्ते पुरुष मिसाखाली, म्हणजे खटल्याशिवाय डांबून ठेवणाऱ्या कायद्याखाली, आत गेले. इकडे सत्तरेक किलोमीटरवर पवनारला विनोबा मौनात होते आणि त्यांच्या नावाने 'अनुशासन पर्व' (म्हणजे आणीबाणी हा शिस्तीचा काळ) हे शब्द देशभर फिरले. आणि १९७७ मध्ये उत्तरेत काँग्रेस साफ झाली, खुद्द इंदिराबाई पडल्या, तरी नागपूरची सीट मात्र काँग्रेसच्या गेव्ह आवारींनी जिंकली. म्हणजे ज्या शहरात संघाचं मुख्यालय त्याच शहराने त्याच साली काँग्रेसला मत दिलं. हे दोन्ही नागपूर आमच्या त्या हॉलमध्ये शेजारी-शेजारी खुर्च्यांवर बसलेले होते, फक्त आम्हाला ते तेव्हा लक्षात आलं नाही.

पहिली बैठक

सुरुवात महालातल्या काकांनी केली. त्यांचं वय आता चौसष्टच्या आसपास, म्हणजे त्या साली ते जोशीएवढेच. त्यांनी पुस्तक टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "मी पूर्ण वाचलं, दोनदा वाचलं. यात आणीबाणी आहे कुठं? पोरगा पोरीच्या मागे फिरून राहिला, आणि देश तुरुंगात आहे."

त्यावर अजनीचे काका, रेल्वेतून रिटायर झालेले, लगेच म्हणाले की देश काही तुरुंगात नव्हता, तुमचे लोक होते, आमच्या कॉलनीत तर गाड्या टायमावर आणि साहेब टायमावर, लोक खूश होते. झालं. इंदोऱ्याचे दादा म्हणाले की रेशनच्या दुकानात पहिल्यांदा काटा खरा दाखवायला लागले होते, ते खोटं कसं म्हणू. महालातले काका उभे राहिले. कोणीतरी आजच्या राजकारणावर गेलं, मग २०१४ निघालं, मग १९८४ निघालं, मग 'तुमच्या वडिलांनी काय केलं' इथपर्यंत गाडी आली. एक मॅडम, झेडपीच्या शाळेतून रिटायर झालेल्या, सगळा वेळ गप्प होत्या. आणि लॉ कॉलेजची एक पोरगी पहिल्यांदाच आली होती, तिने बारीक अक्षरात दोन पानं टिपणं काढून आणली होती, तिची पाळीच आली नाही. ती शिरोडकरबद्दल बोलणार होती हे आम्हाला नंतर कळलं.

जोशी काय म्हणतो, शिरोडकर काय म्हणते, मास्तर कसे आहेत, घर कसं आहे, यातलं काहीच त्या दिवशी निघालं नाही. मी बैठकीची नोंद लिहितो. त्या दिवशीच्या नोंदीत पुस्तकातलं एकही वाक्य नाही.

आम्ही काय बदललं

मार्ग मॅडमनी सुचवला आणि तो फार साधा होता. पुढच्या बैठकीत कोणी "तेव्हा देशात" असं वाक्य सुरू करायचं नाही, "तेव्हा आमच्या घरी" असंच करायचं. आधी पुस्तकातली पंधरा-वीस पानं मोठ्याने वाचायची, सगळ्यांनी आळीपाळीने, आणि पानं वर्गातली आणि घरातली, प्रेमाचीही नाही आणि राजकारणाचीही नाही. आणि त्या काळात जन्मलेलेच नव्हते त्यांनी आधी बोलायचं. महालातल्या काकांना मी फोन केला, ते नाहीच म्हणत होते, मग मॅडम स्वतः त्यांच्या घरी जाऊन आल्या. काय बोलल्या ते त्यांनी सांगितलं नाही, पण काका आले.

मोठ्याने वाचण्याचा परिणाम आम्हाला वाटला त्यापेक्षा फार जास्त झाला. जोशीचा तो बडबड्या आवाज, म्हणजे सगळ्यावर मनातल्या मनात शेरे मारणारा पोरगा, तो साठीतल्या माणसाच्या तोंडून ऐकताना ते वाचणारेच हसायला लागले. अजनीच्या काकांना तर दोनदा थांबावं लागलं. एकदा तो पोरगा सगळ्यांच्या तोंडी बसला की मग प्रश्न बदलला, आणीबाणी किती पानांवर आहे हे कोणी विचारेना, आणि या पोराच्या जागी मी असतो तर माझ्या घरी काय चाललं होतं हे लोक आपणहून सांगायला लागले.

घरोघरची आणीबाणी

अजनीच्या काकांनी जे सांगितलं त्यावरून पहिल्या बैठकीतलं त्यांचं बोलणं उलटंच दिसायला लागलं. मे १९७४ चा रेल्वेचा संप, २० दिवस चाललेला, त्यात त्यांचे वडील होते. नोकरीवरून काढलं होतं, नंतर परत घेतलं पण ब्रेक इन सर्व्हिस लावून. म्हणजे आधीची सगळी वर्षं पाण्यात. त्यानंतर एक वर्षाने आणीबाणी लागली. काका म्हणाले, "बाबा पहाटे साडेचारला उठून तयार बसायचे, ड्युटी सहाची. आई म्हणे कशाला एवढ्या लवकर, तर म्हणत, लेट झालो तर यावेळी परत नाही घेणार." मग थोडं थांबून म्हणाले की मी पन्नास वर्षं सांगत आलो की तेव्हा शिस्त होती, माझा बाप घाबरलेला होता हे आज पहिल्यांदा बोलून राहिलो.

हॉलमध्ये कोणी काही बोललं नाही. महालातल्या काकांनी पाण्याचा ग्लास त्यांच्याकडे सरकवला.

इंदोऱ्याच्या दादांच्या घरची गोष्ट दोन्हीकडून ओढणारी. वडील एम्प्रेस मिलमध्ये. १९७५ मध्ये बोनसचा कायदा बदलला, कमीत कमी बोनस ८.३३ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आणला, आणि संप करायची तर सोयच नव्हती. दिवाळीला पोरांना नवीन कपडे आले नाहीत. पण त्याच साली महाराष्ट्रात कर्जमाफीचा कायदा झाला, गरीब मजूर आणि लहान शेतकऱ्यांची सावकाराची कर्जं रद्द झाली, आणि त्यांच्या आईने गहाण ठेवलेला पितळी गुंड (पाण्याचं मोठं भांडं) आणि दोन गंज (पातेली) सावकाराकडून परत आले. आईने ते चिंचेने घासून दारात उन्हात ठेवले होते, गल्लीतल्या बायका बघायला आल्या होत्या. दादा म्हणाले, आता तुम्हीच सांगा आम्ही आणीबाणी चांगली म्हणू की वाईट, बोनस गेला आणि गुंड आला. १९७७ मध्ये नागपूरने काँग्रेसला मत का दिलं याची लंबीचौडी विश्लेषणं मी वाचली आहेत, पण मला त्यातला एक धागा त्या गुंडापाशी पहिल्यांदा नीट दिसला.

मॅडम तेव्हा चोवीस-पंचवीसच्या, उमरेडच्या बाजूला शाळेत नवीन लागलेल्या. त्यांनी पुस्तक उलट्या बाजूने वाचलं होतं, म्हणजे बाकातून फळ्याकडे न बघता फळ्यापासून बाकांकडे. जोशीला मास्तर लोक दिसतात ते चिडके, मजेशीर, मारकुटे, एखादा चांगला. मॅडमना मात्र दर पानावर स्टाफरूम आठवत होती. नसबंदीच्या केसेस आणा, नाहीतर पगार थांबेल, बदली होईल, हे शिक्षकांना सांगितलेलं. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांच्या वर नसबंद्या झाल्या, महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर सक्तीचं विधेयकच पास केलं होतं, राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली नाही म्हणून ते अमलात आलं नाही. पण गावातल्या मास्तरणीला विधेयक काय आणि काय, तिला संख्या पाहिजे. मॅडम सकाळी मुलांना बाराखडी शिकवायच्या आणि संध्याकाळी त्याच मुलांच्या घरी जाऊन त्यांच्या वडिलांना समजवायच्या. काही दिवसांनी त्या गल्लीत शिरल्या की दारं लागायला लागली. मुलं वर्गात त्यांच्या डोळ्याला डोळा देईनात. "एक पोरगा होता, रोज माझी सायकल धरायला धावत यायचा," त्या म्हणाल्या, "तो यायचा बंद झाला. जोशीसारखंच असेल त्याचं वय, थोडं लहान. त्याने पुस्तक लिहिलं तर मी त्यात कशी दिसेन?"

यावर मला इथं जरा थांबावंसं वाटतं. मराठीत शाळेवर भरपूर लिहिलंय, पण त्या वर्षांतल्या मास्तरांवर काय गुजरलं हे पोराच्या नजरेतून लिहिलेल्या कादंबरीत येऊच शकत नाही, आणि आलंच पाहिजे असंही नाही. वाचकाने ते सोबत घेऊन यायचं असतं. मॅडमनी ते आणलं आणि त्या पुस्तकातले मास्तर आमच्यासाठी एकदम माणसं झाले. पहिल्या बैठकीत त्या गप्प होत्या कारण तिथं फक्त 'बाजूने' किंवा 'विरोधात' अशा दोनच खुर्च्या होत्या, आणि त्या स्वतः अत्याचार करणाऱ्या यंत्रणेचा सगळ्यात शेवटचा हात होत्या.

महालातले काका आणि लॉ कॉलेजची पोरगी

काका शेवटी बोलले. वडील बँकेत कारकून, बंदीनंतर एका रात्री घेऊन गेले, कशासाठी हे सांगायचं कारणच नव्हतं कारण मिसात तसं सांगावंच लागत नव्हतं. काका नववीत. वर्धा रोडच्या सेंट्रल जेलमध्ये भेटीला जायचं, आई पोळ्यांचा डबा बांधायची, तो शिपाई उघडून प्रत्येक पोळी उलटून बघायचा. पत्रं यायची ती सेन्सॉर होऊन, ओळी काळ्या केलेल्या. आई रात्री ते पोस्टकार्ड बल्बसमोर धरून त्या काळ्या ओळींच्या खाली काय आहे ते वाचायचा प्रयत्न करायची, आणि एकदा तिला 'खोकला' एवढा एकच शब्द दिसला, मग ती आठवडाभर झोपली नाही. समोरच्या घरातला मित्र खेळायला यायचा बंद झाला, त्याच्या वडिलांची सरकारी नोकरी होती. शाळेत कोणी काही बोललं नाही, हेच जास्त लागलं, असं काका म्हणाले.

मग त्यांनी हायकोर्टाचं सांगितलं. अटकेतल्या लोकांच्या बाजूने अर्ज झाले होते, आणि अटक कायद्याला धरून आहे का हे आम्ही तपासू शकतो असं नागपूर खंडपीठासकट बऱ्याच हायकोर्टांनी म्हटलं होतं. घरात पेढे नाही, पण आईने त्या दिवशी शिरा केला. आणि २८ एप्रिल १९७६ ला सुप्रीम कोर्टाने ४ विरुद्ध १ असा निकाल देऊन तो दरवाजा बंद करून टाकला.

"एडीएम जबलपूर," लॉ कॉलेजची पोरगी पटकन बोलली, तिच्याही नकळत. "काका, ही केस आम्हाला आहे. त्यात एकटे विरोधात गेलेले न्यायमूर्ती खन्ना, त्यांचा तो निकाल आम्ही पाठ केलाय." काका तिच्याकडे बघतच राहिले. ती पुढे म्हणाली की आम्ही ती केस चार महिने शिकलो पण ती ज्या घरात ऐकली गेली त्या घरात शिरा झाला होता हे पुस्तकात नसतं. मग दोघंच बोलत राहिले, बाकीच्यांनी मध्ये तोंड घातलं नाही, आणि वडील १९७७ च्या सुरुवातीला सुटून आले तेव्हा काय झालं तेही काकांनी तिला सांगितलं. ते मी इथं लिहीत नाही.

आता माझं मत. 'शाळा'च्या बाजूने नेहमी एक युक्तिवाद होतो आणि आमच्याकडेही झाला, की नववीतल्या पोराला राजकारण कळत नाही, त्याच्या आयुष्यात शिरोडकर मोठी आणि इंदिरा गांधी लहान, म्हणून लेखकाने आणीबाणी कडेला ठेवली ते बरोबर. मला 'शाळा' फार आवडते, पण हा युक्तिवाद महालातल्या काकांसमोर टिकत नाही. तेही नववीतच होते. त्यांच्या घरात ती कडेला नव्हती, ताटावर होती. म्हणजे आणीबाणी कडेला राहते की मध्ये येते हे वयावर ठरत नाही, कोणत्या घरी जन्मलात आणि पोलीस कोणत्या घरी आले यावर ठरतं. जोशीच्या घरी ती कडेला होती, आणि बोकीलांनी जोशीचं घर अगदी इमानाने लिहिलंय, त्या काळातल्या बहुतेक मध्यमवर्गीय घरांत ती तशीच होती. कुजबुज, थोडी भीती, थोडी सोय, आणि बाकी पोरांचे मार्क. हे खरं आहे म्हणूनच ते महालातल्या काकांना लागलं. समोरच्या घरातला जो मित्र खेळायला यायचा बंद झाला, तो जोशीच असू शकतो. त्यांच्या रागात हेच होतं असं मला वाटतं, आणि 'पुस्तकात आणीबाणी कुठंय' या प्रश्नात ते मावत नव्हतं.

त्यामुळे "ही कादंबरी आणीबाणीची आहे" असं सांगून कोणाच्या हातात देऊ नये, हे माझं ठाम मत. ती एका पोराची आहे, ते साल त्याच्या वाट्याला आलं. तसं सांगून दिली असती तर पहिली बैठक एवढी बिघडली नसती.

जे सुटलं नाही

लॉ कॉलेजच्या पोरीची दोन पानं अखेर वाचली गेली, उशीर झाला होता तरी. तिचं म्हणणं थोडक्यात असं, की सगळं पुस्तक जोशीच्या डोळ्यांनी आहे, तो शिरोडकरच्या मागे जातो, तिची वाट बघतो, तिच्या जाण्यायेण्याच्या वेळा त्याला माहीत आहेत, आणि आपण सगळे त्याच्यासोबत हळवे होतो. शेवटी ती गाव सोडून जाते तेव्हाही दुःख त्याचं आहे. तिला काय वाटत होतं? हे आज कोणी केलं तर आम्ही कंप्लेंट करू, असं ती म्हणाली. अजनीच्या काकांना ते जरा जास्तच वाटलं, म्हणाले तेव्हा असंच असायचं पोरी, त्यात काही वाईट नव्हतं. त्यावर मॅडम म्हणाल्या, असंच असायचं हे खरं, आमच्याही मागे सायकली यायच्या, आम्ही रस्ता बदलायचो आणि घरी सांगायचो नाही, सांगितलं असतं तर शाळा बंद झाली असती, तेव्हा वाईट नव्हतं की आम्ही बोलत नव्हतो हे तुम्हाला कसं कळणार.

माझ्या मते पोरगी पूर्ण बरोबर नाही, शिरोडकर पुस्तकात तिच्या मनाने वागते, ती हुशार आहे, आणि जोशी कुठं थांबायचं ते शिकतो. पण मॅडमच्या बोलण्याला माझ्याकडे उत्तर नाही. गटातल्या पुरुषांपैकी कोणाकडेच नव्हतं.

महालातल्या काकांचं मत काही बदललं नाही. निघताना जिन्यात ते मला म्हणाले, "पुस्तक चांगलं आहे, पण आमचं नाही." ग्रुपमध्ये मात्र परत आले. पुढची बैठक आम्ही शिरोडकरवरच ठेवली आहे आणि वर्गातली तीच पानं यावेळी बायकांनी वाचायची असं ठरलंय. पोहे अजनीच्या काकांकडे आहेत.